जे कशालाच चिकटत नाही, ते धातूला कसे चिकटते?

हल्ली पुष्कळ घरांत एक तरी नॉन-स्टिक तवा असतो. त्यावर आंबोळी किंवा धिरडे घातले, तर ते नुसत्या उलथन्याच्या टोकाने सुटून येते. असे का, हे विचारल्यास घरातले कोणीही सांगेल, की तव्याला टेफ्लॉन लावलेले आहे आणि टेफ्लॉनला काही चिकटत नाही. हे उत्तर बरोबरच आहे. पण त्यातूनच दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघतो. टेफ्लॉनला जर काहीच चिकटत नाही, तर ते स्वतः तव्याच्या ॲल्युमिनियमला चिकटून कसे राहिले?

हा प्रश्न नुसता कोड्याचा नाही. धातू बळकट असतो आणि उष्णता चटकन वाहून नेतो. पण तो गंजतो, आणि धातूवर धातू घासला की झिजतो. टेफ्लॉन गंजत नाही, अतिशय गुळगुळीत असते. पण ते मऊ असते आणि उष्णता वाहून नेत नाही. दोघांचे गुण एकत्र आणता आले, तर दोघांचेही दोष झाकले जातील. अशा जोडीने बनलेल्या पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात. तवा, यंत्रातील बेअरिंग आणि पुलाखालचा आधार या तिन्ही ठिकाणी ही जोडी कामाला लावलेली आहे. ती जमवण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोणते उपाय योजले, ते आपण या लेखात पाहू.

फ्लोरीन : आधी उग्र, मग शांत

टेफ्लॉन हे व्यापारी नाव आहे. या पदार्थाचे रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लोरोएथिलीन. नाव लांबलचक असले, तरी रचना सोपी आहे. कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी कल्पा. साखळीतील प्रत्येक कार्बन अणूला फ्लोरीनचे दोन अणू जोडलेले असतात. आपल्या ओळखीच्या पॉलिथिनमध्येही अशीच साखळी असते. फक्त तेथे फ्लोरीनच्या जागी हायड्रोजनचे अणू असतात.

फ्लोरीन हे सर्वांत क्रियाशील मूलद्रव्य समजले जाते. ते वेगळे काढण्याच्या प्रयत्नात कित्येक रसायनशास्त्रज्ञ जखमी झाले. अखेर १८८६ साली फ्रान्समध्ये आंरी मोआसाँ यांना त्यात यश आले, आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असे उग्र मूलद्रव्य ज्यात भरलेले आहे, ते टेफ्लॉन इतके शांत कसे? याचे उत्तर असे, की फ्लोरीनचा उग्रपणा त्याच्या इलेक्ट्रॉनच्या भुकेत आहे. कार्बनशी बंध जुळला की ती भूक भागते. हा बंध फार बळकट असतो. तो तोडण्यास सुमारे ४८५ किलोज्यूल प्रति मोल इतकी ऊर्जा लागते. कार्बन व हायड्रोजन यांच्यामधील बंधास सुमारे ४१३, तर दोन कार्बन अणूंमधील साध्या बंधास सुमारे ३४७ किलोज्यूल प्रति मोल पुरतात. शिवाय फ्लोरीनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा असल्याने असे अणू शेजारीशेजारी बसताना कार्बनच्या साखळीला मळसूत्रासारखा पीळ पडतो, आणि फ्लोरीनचे एक सलग आवरणच तिच्याभोवती तयार होते. बाहेरून येणाऱ्या रसायनाला आतल्या कार्बनपर्यंत वाट सापडत नाही.

हा पदार्थ हाती लागला तोही अनपेक्षितपणे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटात वापरण्याजोग्या वायूंवर काम करीत होते. टेट्राफ्लोरोएथिलीन वायूने भरलेल्या एका पोलादी नळकांड्याची तोटी उघडली, तर वायू येईना. वजन करून पाहिले, तर नळकांडे रिकामे झालेले नव्हते. ते कापल्यावर आत मेणचट पांढरी भुकटी सापडली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँब प्रकल्पात युरेनियम हेक्साफ्लोराइड या अत्यंत दाहक वायूला तोंड देणारे पदार्थ हवे होते. तेथे या भुकटीचा पहिला महत्त्वाचा उपयोग झाला.

न चिकटण्याचे कारण

एखादी वस्तू दुसरीला चिकटायची, तर आधी दोघींचा अगदी जवळून स्पर्श व्हावा लागतो. डिंक कागदावर पसरतो, कागदाच्या प्रत्येक खाचेत शिरतो आणि मग वाळतो. जो द्रव पसरतच नाही, थेंबाथेंबांनी गोळा होऊन राहतो, तो चिकटणार कसा?

द्रव पसरणार की गोळा होणार, हे दोन ओढींवर ठरते: द्रवाच्या रेणूंची एकमेकांविषयीची ओढ आणि त्यांना पृष्ठभागाकडून होणारी ओढ. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. टेफ्लॉनच्या पृष्ठभागासाठी याच मापाचा आकडा अवघा १८ ते २० आहे. फ्लोरीनने आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवलेले असल्याने तो शेजारच्या रेणूला फारशी ओढ लावीत नाही. म्हणून पाणी टेफ्लॉनवर पसरत नाही. खाद्यतेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो. तरी तो टेफ्लॉनच्या आकड्यापेक्षा जास्तच, म्हणून तव्यावर तेलाचेही थेंब गोळा होतात.

आता एक मेख लक्षात घ्या. टेफ्लॉनवर डिंक पसरत नाही, याचा अर्थ टेफ्लॉन धातूवर पसरणार नाही, असा होत नाही. उलट, ज्याचा पृष्ठताण कमी तो पदार्थ धातूवर सहज पसरावयास हवा. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की टेफ्लॉन सुमारे ३२७° सेल्सिअसला वितळते खरे, पण वितळूनही पाण्यासारखे वाहत नाही. त्याच्या साखळ्या इतक्या लांब असतात, की वितळल्यावरही त्याचा गोळा जेलीसारखा जागच्या जागी राहतो. म्हणून ते ओतता येत नाही आणि रंगासारखे फासताही येत नाही.

पहिला उपाय : धातूला खाचा पाडणे

या अडचणीतून फ्रान्समधील मार्क ग्रेगवार या अभियंत्याने १९५४ साली वाट काढली. त्याने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग अम्लाने कोरून काढला. अम्ल धातूला सगळीकडे सारखे खात नाही. त्यामुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य खाचा आणि विवरे तयार होतात. काहींचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. टेफ्लॉनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले मिळतात. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे पाच-हजाराव्या भागाएवढा असतो. हे मिश्रण कोरलेल्या धातूवर लावले की कण पाण्याबरोबर विवरांत शिरतात. मग पाणी सुकवून भांडे ३२७ अंशांच्या वर तापवले की कण एकमेकांत मिसळून त्यांचा सलग थर बनतो. थंड झाल्यावर त्याची मुळे विवरांच्या पोटात अडकून राहतात. भिंतीचा गिलावा नीट बसावा म्हणून गवंडी आधी भिंतीला टोचे मारतो, तसलाच हा प्रकार. टेफ्लॉन धातूला चिकटलेले नाही. ते धातूत अडकलेले आहे! १९५६ साली या भांड्यांसाठी कंपनी निघाली. तिचे टेफाल हे नाव टेफ्लॉन आणि ॲल्युमिनियम या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून पडले.

आजच्या पुष्कळ तव्यांत याला आणखी एक जोड दिलेली असते. खालच्या थरात टेफ्लॉनबरोबर उष्णता सहन करणारे दुसरे एक राळेसारखे बहुवारिक मिसळतात. ते धातूला खरोखर चिकटते. भाजताना टेफ्लॉनचा अंश वरच्या अंगाला जमतो, आणि त्यावर निव्वळ टेफ्लॉनचे थर बसवता येतात.

या अडकवण्यावर ताण किती येतो, त्याचे गणित करून पाहा. ॲल्युमिनियमची १ मीटर लांबी १ अंश तापवल्यास सुमारे २३ मायक्रोमीटरने वाढते. टेफ्लॉनची सुमारे १२० मायक्रोमीटरने. तव्याचा व्यास २५ सेंटिमीटर आणि तापमानातील वाढ २०० अंश धरा. धातूचा व्यास सुमारे १·१५ मिलिमीटरने वाढेल. टेफ्लॉनचा थर सुटा असता, तर तो ६ मिलिमीटर वाढला असता. ही सारी तफावत त्या सूक्ष्म मुळांनी पेलावयाची असते. तापलेल्या तव्यावर एकदम थंड पाणी ओतू नये, असे सांगतात ते यासाठी.

दुसरा उपाय : छिद्रांच्या कांस्यात टेफ्लॉन

तव्यावर वजन फारसे नसते. यंत्रातील फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगची गोष्ट निराळी. टेफ्लॉन आणि पोलाद यांचा घर्षणांक ०·१ किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून तेलाशिवाय चालणारे बेअरिंग टेफ्लॉनचे करावे, ही कल्पना कोणालाही सुचेल. पण निव्वळ टेफ्लॉन तीन कारणांनी नापास होते. दाबाखाली ते मेणासारखे हळूहळू सरकते. घासताना भराभर झिजते. आणि घर्षणाने निर्माण झालेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्याची उष्णतासंवाहकता सुमारे ०·२५ वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. कांस्याची त्याच्या जवळजवळ दोनशे पट असते.

१९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील ग्लेशियर मेटल कंपनीने यावर काढलेला तोडगा मोठा सुबक आहे. पोलादाच्या पट्टीवर कांस्याचे बारीक गोल कण पसरून भट्टीत तापवतात. कण वितळत नाहीत, पण जेथे एकमेकांना टेकतात तेथे जुळतात. मधल्या फटी तशाच राहतात. अशा रीतीने सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा सच्छिद्र थर तयार होतो. त्या फटींत टेफ्लॉन व शिसे यांचे मिश्रण रेटून भरतात आणि वर त्याचाच एक पातळ लेप ठेवतात. पोलाद भार घेते, कांसे उष्णता वाहून नेते, आणि टेफ्लॉन घर्षण कमी करते.

यातील खरी गंमत प्रसरणात आहे. टेफ्लॉन कांस्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, हे आपण जाणतोच. चालताना एखादी जागा जास्त घासली गेली की ती तापते. तापली की फटीतील टेफ्लॉन फुगते. बाजूला कांस्याची भिंत असल्यामुळे ते वरच्या तोंडातून किंचित बाहेर येते आणि नेमक्या त्या जागेला वंगण मिळते. तव्यात जी तफावत वैरीण होती, तीच येथे मदतीला आली. पुढे शिशाचे विषारीपण ध्यानात घेऊन शिसे वगळलेली बेअरिंगेही निघाली.

पुलाखालीही हाच विचार दिसतो. ४० मीटर लांबीचा पोलादी गर्डर तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे १४ मिलिमीटरने लांबतो. तो खांबाला घट्ट आवळला, तर खांबावर प्रचंड ताण येईल. म्हणून पुष्कळ पुलांत एका टोकाखाली टेफ्लॉनची चकती आणि तिच्यावर सरकणारा चकचकीत स्टेनलेस पोलादाचा पत्रा बसवतात. चकती भाराखाली पसरू नये म्हणून ती खालच्या धातूच्या पट्टात कोरलेल्या खोबणीत, साधारण निम्म्या जाडीपर्यंत, बसवलेली असते. येथेही मुख्य भिस्त धातूच्या पकडीवरच आहे.

तिसरा उपाय : रासायनिक जोड

आतापर्यंतचे उपाय यांत्रिक झाले. रसायनाने हा जोड साधता येईल काय? येतो; पण त्यासाठी कार्बन-फ्लोरीन बंध तोडावा लागतो. हे काम सोडियमसारखा धातू करतो. सोडियम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास उत्सुक असतो. नॅफ्थलीनच्या साहाय्याने योग्य द्रवात विरघळवलेले सोडियम टेफ्लॉनला लागले, की इलेक्ट्रॉन घेऊन फ्लोरीन साखळी सोडतो आणि सोडियम फ्लोराइड तयार होते. पांढरे टेफ्लॉन पाहता पाहता तपकिरी होते. पृष्ठभागावर फ्लोरीन गमावलेला कार्बन उघडा पडतो, तेथे हवेतील ऑक्सिजन व ओलावा येऊन जुळतात, आणि मग साधा चिकटपदार्थही त्याला धरू शकतो. हा बदल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाही खोल नसतो. आतले टेफ्लॉन जसेच्या तसे राहते. सोडियम पाण्याशी पेट घेत असल्यामुळे हे काम कारखान्यातच करावयाचे असते.

येथे चौकस विद्यार्थी विचारील: सोडियमला जे जमते, ते ॲल्युमिनियमला का जमू नये? ॲल्युमिनियमलाही फ्लोरीनची जबर ओढ असते. ॲल्युमिनियम फ्लोराइड मूलद्रव्यांपासून बनताना प्रत्येक मोलमागे सुमारे १,५१० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ऊर्जेचा हिशेब पाहिला, तर तव्याने आपल्याच लेपातील फ्लोरीन हिसकावून घ्यावयास हवा. तसे होत नाही, याची कारणे दोन. पहिले कारण असे, की ॲल्युमिनियमवर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट पापुद्रा नेहमीच असतो; त्यामुळे उघडा धातू टेफ्लॉनला भेटतच नाही. दुसरे असे, की क्रिया सुरू होण्याआधी कार्बन-फ्लोरीन बंध सैल करावा लागतो, आणि तेवढी ऊर्जा स्वयंपाकाच्या तापमानाला मिळत नाही. क्रियेतून ऊर्जा मिळणार असणे वेगळे आणि क्रिया सुरू होणे वेगळे, हा रसायनशास्त्रातील मोठा धडा येथे शिकावयास मिळतो. मात्र धातूची अतिबारीक भुकटी आणि टेफ्लॉनची भुकटी एकत्र तापवली, तर हाच अडसर कोसळून मोठा भडका उडू शकतो. तो प्रयोग कोणीही, कोठेही करू नये.

घासता घासता जुळणारा जोड

टेफ्लॉनमध्ये कांस्याची भुकटी मिसळली, तर त्याची झीज शेकडो पटींनी कमी होते. हे पुष्कळ वर्षे ठाऊक होते. कारण मात्र पुरते उमगले नव्हते. टेफ्लॉन पोलादावर घासते तेव्हा त्याचा पातळ थर पोलादावर जाऊन बसतो, आणि मग टेफ्लॉनवर टेफ्लॉन घासू लागते. निव्वळ टेफ्लॉनचा हा थर लगेच उखडतो. भुकटी मिसळलेल्याचा टिकून राहतो. असे का?

ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेल्या टेफ्लॉनवर झालेल्या संशोधनातून २०१५ साली याचे रासायनिक उत्तर पुढे आले. घासण्याच्या जोराने टेफ्लॉनच्या काही साखळ्या तुटतात. तुटतो तो कार्बन-कार्बन बंध; कारण दोघांत दुबळा तोच आहे. तुटलेली टोके अत्यंत क्रियाशील असतात. हवेतील ऑक्सिजन व बाष्प त्यांच्याशी जुळून व्हिनेगरमधल्या आम्लासारखा गट तयार होतो, आणि हा गट धातूच्या अणूंना धरून बसतो. म्हणजे कशालाच न चिकटणाऱ्या साखळीला तुटल्यावर धरावयास हात फुटतात!

बळकट बंधाची दुसरी बाजू

ज्या बंधाचे एवढे कौतुक केले, त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टेफ्लॉन बनवताना त्याचे कण पाण्यात तरंगत ठेवण्यासाठी पूर्वी परफ्लोरोऑक्टॅनोइक आम्ल वापरीत. संक्षेपाने त्याला पीएफओए म्हणतात. आठ कार्बन अणूंची साखळी, तिच्यावर फ्लोरीनचे आवरण, आणि एका टोकाला आम्लाचा गट, अशी त्याची रचना असते. लांब साखळीचे टेफ्लॉन पाण्यात विरघळत नाही व पोटात गेले तरी तसेच बाहेर पडते. हा छोटा भाऊ मात्र पाण्यात मिसळतो, रक्तात जातो आणि तेथे वर्षानुवर्षे राहतो. कारण त्याचे कार्बन-फ्लोरीन बंध तोडणारी यंत्रणा ना आपल्या शरीरात आहे, ना निसर्गात सहजी सापडते. अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग येथील कारखान्यातून ते आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरले, आणि तेथील लोकांना आरोग्याची किंमत मोजावी लागली. २००६ साली अमेरिकेत आठ मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर संपवण्याचे मान्य केले. २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये जगभर त्यावर निर्बंध आले, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग निर्माण करणारे असल्याचे जाहीर केले.

मग घरातला तवा फेकून द्यावा काय? तसे नाही, पण त्याचे तापमान सांभाळले पाहिजे. तळण साधारण १७० ते १९० अंशांत होते. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत निर्धोक समजतात. त्यापुढे थर हळूहळू खराब होऊ लागतो, आणि ३५० अंशांच्या वर साखळ्या तुटून विषारी वायू सुटतात. मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला तवा काही मिनिटांतच या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. या वायूंनी माणसाला थंडीताप आल्यासारखे होते. पिंजऱ्यातील पोपटासारखे पक्षी तर दगावतात. तेव्हा नॉन-स्टिक तवा रिकामा तापवू नये, लाकडी उलथने वापरावे, आणि थर सोलवटू लागल्यास तो तवा बाद करावा.

करून पाहा

१. थंड, स्वच्छ नॉन-स्टिक तवा आणि स्टीलचे ताट शेजारी ठेवा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा व बाजूने पाहा. थेंबाची कड पृष्ठभागाशी किती कोन करते, त्याची आकृती काढा. मग तेलाच्या थेंबाने तेच करा.

२. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप टेफ्लॉनचीच असते. तिचे दोन तुकडे डिंकाने जोडण्याचा प्रयत्न करा. ही टेप आट्यांवर चिकटपदार्थ नसताना कशी टिकते, याचे कारण लिहा.

३. सपाट तव्यावर स्टीलची लहान वाटी ठेवा आणि तवा एका बाजूने हळूहळू उचला. वाटी सरकू लागते तेव्हाचा कोन कोनमापकाने मोजा. त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजेच घर्षणांक. हाच प्रयोग स्टीलच्या ताटावर करून दोन्ही आकड्यांची तुलना करा.

४. विचार करा: बेअरिंगसाठी सच्छिद्र कांस्याऐवजी टेफ्लॉनइतकेच प्रसरण पावणारा एखादा धातू मिळाला असता, तर बेअरिंग अधिक चांगले चालले असते काय? उत्तरास कारण द्या.